स्लॉट मशीनला मराठीत काय म्हणायचं? आणि 'परतावा' शब्दाची पंचाईत

खानापूर_रोड
एक पत्रक मराठीत करून द्यायचं आहे. बेळगावातल्या एका व्यसनमुक्ती गटाचं, जुगाराच्या नादावर. मूळ मजकूर इंग्रजी, कन्नड भाषांतर माझा मित्र करतोय, मराठी माझ्या गळ्यात पडलंय. वाचणारी माणसं खानापूर-नंदगडपासून निपाणीपर्यंतची, आपलीच. शनिवारी चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत जाणारी, आणि आता कायद्याने बंदी आली तरी मोबाइलवर कुठूनतरी वाट काढून खेळणारी.

पहिल्याच ओळीत, पैसे टाकून चाकं फिरवायच्या जुगाराच्या यंत्राच्या नावावर, अडलो. 'स्लॉट मशीन'. गटातल्या ज्येष्ठ बाई म्हणतात, मराठी पत्रकात मराठीच शब्द हवा. मी 'नाणेखाच यंत्र' लिहिलं, तर त्याच म्हणाल्या की हे रेल्वे स्टेशनवरच्या वजनकाट्यासारखं वाटतंय. वाटतंय खरं. 'जुगारयंत्र' केलं तर कुठलं यंत्र ते कळत नाही.

पुढे रील, पेलाइन, जॅकपॉट आहेतच. पण खरी गोची 'रिटर्न टू प्लेअर'ची, म्हणजे लावलेल्या पैशातून खेळणाऱ्यांना सरासरीने परत जाणाऱ्या वाट्याची. मी तिथं 'परतावा: 95 टक्के' असं लिहून मोकळा झालो होतो. मेहुण्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, "शंभर लावले की पंच्याण्णव परत? मग वाईट काय हाय गा त्यात?" व्यसनमुक्तीचं पत्रक वाचून माणूस खेळायला निघाला, अशी गत. सुचवा काहीतरी.

अनसुरकर_गल्ली
'स्लॉट मशीन'च ठेवा. ज्याला नाद आहे त्याला शब्द माहीत आहे, ज्याला शब्द माहीत नाही त्याला पत्रकाची गरज नाही. विषय संपला.

पोथीवाले
विषय असा संपत नसतो. उद्या 'मृत्यू' माहीत आहे म्हणून 'डेथ' लिहायचं का? ज्या संस्कृतीत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 34 वं सूक्त अख्खं जुगाऱ्याच्या तोंडी आहे, बेहड्याच्या फळांचे फासे, बायको दुरावलेली, सासू द्वेष करणारी, तिला जुगारासाठी शब्द उसना घ्यावा लागतो? माझी सूचना: 'अक्षयंत्र'. संस्कृतात अक्ष म्हणजे फासा आणि अक्ष म्हणजे चाकाचा आस. यंत्रात चाकं आसावर फिरतात आणि फाशाचं काम करतात. एका शब्दात दोन्ही अर्थ बसले. याहून नेमकं काय हवं?

अनसुरकर_गल्ली
लोक 'अक्षय्य यंत्र' वाचतील आणि अक्षय्य तृतीयेला घरी आणतील.

धोटा
मी वडगावचा, घरात तीन पिढ्या माग. 'रील'साठी कृपा करून 'रीळ' लिहू नका. आमच्याकडे रीळ म्हणजे शिलाईच्या दोऱ्याचं. माझ्या आईला रीळ फिरून पैसे जातात म्हणून सांगितलं तर ती उषा मशीन झाकून ठेवील. सूत भरतात ती कांडी, कांडी बसते ती धोट्यात, सूत गुंडाळायची चौकट तो फाळका. यातलं काहीच त्या यंत्रातल्या वस्तूसारखं नाही. ती चित्रं चिकटवलेली पट्टी असते, चाकाच्या कडेला गुंडाळलेली. सरळ 'चाक' म्हणा. 'तीन चाकं फिरतात, चित्रं एका रेषेत आली तर पैसे.' पेलाइन म्हणजे तीच रेषा. 'जुळणीची रेघ' म्हणा पाहिजे तर.

रविवार_पेठ
चित्रांवरून आठवलं. 1890 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने 'लिबर्टी बेल' केलं, तीन चाकांचं. त्यावर पाचच चित्रं: घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि तडा गेलेली घंटा. तीन घंटा आल्या तर सगळ्यात मोठं बक्षीस, पन्नास सेंट. त्याआधी 1891 ला ब्रुकलिनमध्ये पाच ढोलांचं पत्त्यांचं यंत्र निघालं होतं, पण ते स्वतः पैसे टाकत नसे, जिंकल्यावर दुकानदार बिअर नाहीतर सिगार द्यायचा. फेचं कौतुक एवढंच की त्याने चित्रं कमी करून पैसे द्यायचं कामही यंत्रावर सोपवलं.

फळं नंतर आली. जिथं पैशांच्या यंत्राला बंदी, तिथं च्युइंगगम देतोय असा देखावा करायचे. चेरी, लिंबू, संत्रं ही गमच्या चवीची चित्रं, आणि 'बार' ही काळी पट्टी म्हणजे गमवाल्या कंपनीचा शिक्का. म्हणून इंग्लंडात त्याला फळांचं यंत्र म्हणतात. ऑस्ट्रेलियात 'पोकी', पोकरवरून. म्हणजे इंग्रजीतसुद्धा गावोगाव वेगळं नाव आहे, आणि आपण इथं एकाच शब्दासाठी रक्त आटवतोय.

मलप्रभा_काठ
इस्पिकवरून आठवलं. कन्नडमध्ये 'इस्पीट' म्हणजे सगळेच पत्ते. आपल्याकडे इस्पिक एकच रंग. लहानपणी शेजारचा अण्णा "इस्पीट आडोण" म्हणाला की मी फक्त काळी पानं निवडून द्यायचो.

रविवार_पेठ
आता जॅकपॉट. हा पोकरमधला शब्द. जॅक म्हणजे गुलाम, पॉट म्हणजे मध्ये साचलेली रक्कम. हातात गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचं काही असल्याशिवाय डाव उघडता येत नाही, कुणी उघडत नाही तोवर रक्कम वाढत जाते. म्हणजे शब्दशः 'गुलामाचं मडकं'. आणि आपला मटका? तेही मडकंच! मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर सट्टा चाले, उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा. 1961 ला ते थांबलं, मग आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायला लागले. इंग्रजांचं मडकं आणि आपलं मडकं यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण जुगाऱ्याची नजर शेवटी मडक्यावरच. म्हणून माझं मत: जॅकपॉट = 'घबाड'.

पोथीवाले
घबाड चालणार नाही. तो पंचांगातला मुहूर्त आहे. अजूनही पंचांगात 'घबाड' छापतात, कधीपासून कधीपर्यंत ते. व्यसनमुक्तीच्या पत्रकात शुभमुहूर्त कशाला?

निपाणकर
पोथीवाले, निपाणीत शंभर माणसांना विचारा, घबाड म्हणजे काय. पंचांग सांगणारा एक निघाला तर तंबाखूची गोणी हरलो.

अनसुरकर_गल्ली
पैज लावू नका, पत्रक आठवा.

मलप्रभा_काठ
वर मटक्याचा विषय निघाला म्हणून. आपल्या भागात मटका कोण म्हणतं? 'ओसी'. पोरगं बिघडलं की "ओसीच्या नादाला लागलंय". हा कन्नड शब्द आहे, कारण कोल्हापूरच्या पुढे मी कधी ऐकला नाही.

रविवार_पेठ
कन्नड कसला? मटक्यातले ओपन-क्लोज आकडे, त्यांची आद्याक्षरं. ओ, सी.

मलप्रभा_काठ
तमिळमध्ये 'ओसी' म्हणजे फुकट. कंपनी सरकारच्या टपालावर 'ऑन कंपनीज सर्व्हिस' असं असायचं, त्याला तिकीट लागत नसे, त्यावरून फुकट या अर्थी आला म्हणतात. बेंगळुरूहून वर सरकत तो इकडे आला. फुकटचा पैसा म्हणून ओसी. जुळतं की नाही?

रविवार_पेठ
जुळतं, आणि तरी चूक आहे. ओसी खेळणारा चिठ्ठीवर ओपन आणि क्लोज वेगवेगळे लिहून देतो. शब्द त्याच्या हातात आहे, त्याला तमिळनाडूला जायची गरज काय?

मलप्रभा_काठ
तुम्ही 'हुडकणे' वापरता ना रोज? तो कन्नड 'हुडुकु' मानायला हरकत नाही, ओसीला मात्र हरकत.

पोथीवाले
'हुडकणे' मी वापरत नाही. शोधतो.

चोर्ला_उतार
भांडा निवांत, तोवर एक सांगतो.

आमचे एक काका होते, जांबोटीकडचे. म्हशीचे मोठे जाणकार, बाजारात म्हैस घ्यायची तर लोक त्यांना घेऊन जात. उतारवयात पणजीच्या मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजाचा नाद लागला. गोव्याने 1992 ला कायद्यात दुरुस्ती करून ही यंत्रं आधी पंचतारांकित हॉटेलांत आणली, करमणुकीच्या पंक्तीला बसवून. जहाजं 1996 च्या दुरुस्तीने. काकांना हॉटेलात बुजल्यासारखं व्हायचं, जहाज आवडायचं. तर काका गेले की आधी अर्धा तास नुसते यंत्रांमधून फिरत, बाजारातल्यासारखे. मग एकापुढे थांबत आणि मला हळूच म्हणत, "ह्ये गाभण हाय. तीन तास कुणाला कायबी दिल्यालं न्हाई. आता व्यायला आलंय."

एकदा रात्रभर बसले. व्यालं नाही. पहाटे चहा प्यायला उठले तेवढ्यात एक पोरगी येऊन बसली, दोन डाव टाकले आणि दिवे लागले, घंटा वाजायला लागली. काका कप घेऊन तसेच उभे. मरेपर्यंत म्हणायचे, "माझी म्हस तिनं पिळली."

ज्यात पैसे द्यायची वेळ आलीय असं वाटतं त्या यंत्राला 'गाभण'. घ्या पत्रकात.

धोटा
हा शब्द! बाकी सगळे रद्द करा.

अडीचकीवाला
मी गणित शिकवायचो, म्हणून मध्ये बोलतो. शब्द झकास आहे, पण पत्रकात घ्याल तर 'यंत्र कधीच गाभण राहत नाही' असंच घ्या. नव्या यंत्रात चाकं फक्त देखाव्याला. आत एक चिप कुणी खेळो न खेळो सतत आकडे काढत असते. तुम्ही बटण दाबता त्या क्षणीचा आकडा डावाचा निकाल ठरवतो, चाकं मागाहून त्याप्रमाणे थांबतात. काका चहाला उठले नसते तरी त्यांचं बोट नेमक्या त्याच क्षणी बटणावर पडलं नसतं. मागच्या तीन तासांनी यंत्राचं पोट वाढत नाही.

दुसरं. खऱ्या चाकावर समजा 20 जागा, तीन चाकं, तर 20 गुणिले 20 गुणिले 20, 8000 मांडण्या. त्यात एक मोठं बक्षीस. पण 1984 ला इंगे टेल्नेस यांच्या पेटंटने युक्ती आणली: डोळ्यांना 20 जागा दिसतात, आत चाक 64 जागांचं धरायचं. मग मांडण्या 2,62,144. वर बक्षिसाच्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या जागांना आत जास्त वाटा दिला की चित्र सारखं एक घर वर नाहीतर एक घर खाली थांबतं. माणसाला वाटतं, थोडक्यात हुकलं. हुकलेलं नसतं, हुकवलेलं असतं. इंग्रजीत याला 'निअर मिस' म्हणतात. पत्रकात तो शब्द असेल तर 'हुकवणी' लिहा, 'हुकणी' नको.

तिसरं, परतावा. मेहुणे चुकले नाहीत, शब्द चुकला. 95 टक्के हे लावलेल्या प्रत्येक रुपयावर, आणि लाखो डावांच्या सरासरीवर. परत आलेले पंच्याण्णव माणूस खिशात घालत नाही, पुन्हा लावतो. हजार रुपये घेऊन बसला आणि तेच पैसे दहा वेळा फिरवले तर सरासरीने साधारण 600 उरतात. वीस वेळा फिरवले तर 360 च्या आत. बटण दाबायला वेळ किती लागतो?

खानापूर_रोड
मास्तर, हे मी जसंच्या तसं घेणार. पण शब्द?

निपाणकर
'घट'. तंबाखू वाळताना वजनात घट धरतात. प्रत्येक फेरीला शेकडा पाच घट. आमच्याकडं पोराटोरांना कळेल.

जुना_चावडीकर
आमच्या गावात चावडीमागे पत्ते बसायचे. ज्याची जागा, कंदील आणि चहा, तो दर डावामागे काही पैसे बाजूला काढायचा. त्याला 'नाल' म्हणत. कोण जिंकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसे, नाल काढून झाला की तो झोपायचा. 95 टक्के परतावा म्हणजे 5 टक्के नाल.

अनसुरकर_गल्ली
घोड्याची नाल? ती कुठून आली मध्ये?

रविवार_पेठ
योगायोग बघा, लिबर्टी बेलवरच्या पाच चित्रांत नाल आहेच!

पोथीवाले
'घोड्याची नाल' नव्हे, 'घोड्याचा नाल'. पुल्लिंगी. आणि नाळेशी गल्लत नको.

धोटा
एक हाताचा दरोडेखोर असंही इंग्रजी टोपणनाव आहे ना त्याला, बाजूच्या दांड्यामुळे? मग यंत्राला 'थोटा' म्हणू. मी धोटा, ते थोटा.

मलप्रभा_काठ
नको. आमच्या गल्लीत एका हाताचा एक भला माणूस आहे, इस्त्री करतो. त्याच्या हातात हे पत्रक पडणार.

धोटा
बरोबर. मागे घेतला.

मलप्रभा_काठ
ओसीचं मात्र मी मागे घेतलेलं नाही.

खानापूर_रोड
मंडळी, प्रूफ उद्या जायचंय. 'स्लॉट मशीन' तसंच ठेवतोय, बाईंना कसंबसं पटवलं. रीलला चाक. जॅकपॉटला काहीच नाही, ते वाक्यच उडवलं. 'परतावा' गेला, त्या जागी नाल. मेहुण्याला पुन्हा दाखवलं. वाचून गप्प बसला, मग म्हणाला, "म्हंजे आपण त्याच्या चहाकंदिलाचे पैसे भरायचे रातभर?" आता शेवटचं एकच: दर शंभराला पाच रुपये नाल घेतला की घेतली?

पोथीवाले
घेतला.

अनसुरकर_गल्ली
घेतली. शहापूरला सगळे घेतलीच म्हणतात.

पोथीवाले
शहापूरला 'चा'ला पण 'चहा घेतली' म्हणतात.

अनसुरकर_गल्ली
कोण म्हणतं? नाव सांगा.

जुना_चावडीकर
आम्ही 'नाल काढायचा' म्हणायचो. पण आमच्या आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, नाल तो का ती ते राहू दे, तू तिथं काय करत होतास ते सांग.