आंटीच्या आयरिश पणजोबांचं गाव कसं शोधायचं?

वास्कोची_बाई
नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, वरच्या मजल्यावरच्या आंटीचा आहे. वय ८३, घरवाला रेल्वेत होता. दर रविवारी इगर्जीतून (चर्चमधून) परतताना माझ्याकडे चहाला थांबते. परवा तिनं बिस्किटांच्या डब्यातून एक फोटो काढला. झुपकेदार मिशांचा गोरा माणूस, मागे पेन्सिलीनं ‘बेळगाव, १८८६’. हे तिचे पणजोबा. घरात सांगतात ते एवढंच की कॉर्कहून आले, पलटणीत होते, सुटल्यावर मुरगाव-कॅसलरॉक लाइनच्या कामावर लागले. आडनावापुढे ‘ओ’ होता की नव्हता यावरून तिचे दोन्ही भाऊ मरेपर्यंत भांडले.

तिला फक्त गाव हवंय. म्हणते, “तुमकां म्हाळसा आसा, जात्रा आसा. म्हाका कितें आसा गो?”

मी एका साइटवर पैसे भरले. त्याच नावाची दीडशे माणसं आली, निम्मी अमेरिकेत. पुढच्या महिन्यात कार्डातून परत पैसे गेले, ते वेगळंच.

कागदकिडा
ताई, आधी ते कार्ड बंद करा.

मग आयर्लंड विसरा आणि बेळगाव धरा. नुसत्या नावावर तिकडे शोधणं म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांना “आमचे जोशी कुठले?” विचारण्यासारखं आहे. ते पहिलं काय विचारतील? मूळ गाव. इथे तेच हरवलंय, म्हणून ते इकडच्या कागदांतून काढायचं.

मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जायच्या. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ची सूची फुकट आहे, तिथून सुरुवात करा. लग्नाची नोंद मिळाली तर नवऱ्याच्या बापाचं नाव मिळण्याची शक्यता असते.

पण खरा मासा पलटणीच्या कागदात. लंडनमध्ये क्यू इथे असलेल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९७’ मालिका आहे, तिच्यात भरतीच्या वेळी शिपायानं सांगितलेला जन्माचा पॅरिश (चर्चचा विभाग) आणि काउंटी (जिल्हा) असते. १८८३ पूर्वी सुटलेल्यांपैकी पेन्शनवाल्यांचेच कागद त्यात आहेत. त्यानंतर मुदत संपवून सुटलेल्यांचेही मिळतात. त्यामुळे माणूस नोकरीतून कधी सुटला हे आंटीला नीट विचारा. फोटोत अंगावर गणवेश आहे का?

मांडवीकाठ
डब्लिनचं दप्तर १९२२ मध्ये जळून खाक झालं ना? कशाला म्हातारीला आशा लावता?

कागदकिडा
जळलं, खरंय. यादवी युद्धात, फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारात. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या गेल्या. पण १८६१ ते १८९१ च्या शिरगणत्या आगीत गेल्या नाहीत, त्या सरकारनं आधीच स्वतःच्या हातानं नष्ट केल्या होत्या. (आगीच्या नावावर सगळं खपतं.) कॅथलिक चर्चच्या वह्या पाद्र्यांकडे राहिल्या म्हणून वाचल्या.

म्हापसेकार_डब्लिन
त्या वह्या इथल्या नॅशनल लायब्ररीनं २०१५ मध्ये ऑनलाइन टाकल्या, साधारण १८८० पर्यंतच्या, फुकट. पणजोबांचा जन्म १८५५ च्या आसपास असेल तर हाच आधार, कारण सरकारी जन्मनोंदणी १८६४ पासूनची. नुसती छायाचित्रं आहेत, पान पान चाळावं लागतं. त्यासाठीच पॅरिश हवा.

नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये. जेकोबस दिसला तर जेम्स समजा. ‘ओ’वर जीव टाकू नका, एकाच घरात कधी लावलाय, कधी गाळलाय. आणि “कॉर्कहून” याचा अर्थ कॉर्कचा असाच होत नाही. क्वीन्सटाऊन, म्हणजे आताचं कोव्ह, हे बंदर त्या काउंटीत, तिथून कुठकुठली माणसं बोटीत चढत. आपला माणूस मुंबईहून आफ्रिकेला गेला म्हणून तो मुंबईचा होतो काय?

एक विचारा. त्यांच्या मुलांची नावं, क्रमानं. थोरल्याला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं नाव ठेवायची इथे जुनी पद्धत.

वास्कोची_बाई
विचारलं. थोरला टिमथी, दुसरा डोमिंग. बायको बहुतेक आपल्याकडचीच! फोटोत गणवेश नाही, कोट आहे. म्हणजे ८६ पर्यंत पलटणीतून सुटलेले असावेत.

म्हापसेकार_डब्लिन
टिमथी! मूळ आयरिश नाव टाइग, त्याचं इंग्रजीत टिमथी करत. कॉर्क-केरीकडे फार. लॅटिन वहीत ‘थॅडियस’ असंही शोधा.

शेवटी लागतं ते ‘टाउनलँड’, आपल्या वाड्याएवढं. देशभरात साठ हजारांवर आहेत. पॅरिश कळला की ग्रिफिथच्या जमीन-आकारणीत (१८४७ ते १८६४) त्या पॅरिशमधला टिमथी नावाचा कुळ कुठल्या टाउनलँडला राहत होता ते बघू. मी बघतो, शनिवारी सुट्टी आहे.

वास्कोची_बाई
आंटीला वाचून दाखवलं. डोमिंग ऐकून हसत बसली. लग्न बेळगावात झालं की सावर्ड्याला, हे कुडचड्याच्या चुलतबहिणीला ठाऊक असेल म्हणते. फोन लावलाय, उचलत नाही.