आल्टरनेटर बदलायच्या आधी अर्थिंग बघा
गाडीची नवी बॅटरीही दोन दिवसांत बसते म्हणून मेकॅनिक आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला म्हणतोय ना? थांबा जरा. इंजिन चालू ठेवून हेडलाइट, ब्लोअर लावा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी आल्टरनेटरच्या बॉडीवर. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन बंद करून अर्थिंगची पट्टी (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी) सोडवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती वरून धड दिसते, पण बोल्टखाली हिरवा गंज असतो. पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस. प्लस बाजूही अशीच मोजा, बॅटरीच्या प्लसपासून आल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत. दोन्ही ठीक असून बॅटरीवर इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 व्होल्ट येत नसतील, तरच आल्टरनेटरवर संशय. आणि हो, चावी फिरवल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागतो का? बऱ्याच जुन्या गाड्यांत तो बल्ब उडाला की आल्टरनेटरला सुरुवातीचा करंटच मिळत नाही.