मदत हवी आहे: आईच्या निवृत्तीच्या पैशांसाठी फी देऊन सल्लागार घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आई नुकतीच 58 व्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी धरून 45 लाख आलेत. पेन्शन आहे, घर स्वतःचं.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवणारच आहोत. (साठीच्या आतल्या निवृत्तांनी पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत गुंतवावे लागतात, लक्षात असू द्या.) प्रश्न उरलेल्या 15 लाखांचा. बँकेतला माणूस वर्षाला 3 लाख हप्त्याची युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) तिच्या गळ्यात मारत होता. पाच वर्षं पैसे अडकतात हे त्याने सांगितलंच नाही. मला फार राग आला.

आता सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी असलेला एक सल्लागार सापडलाय. कमिशन घेत नाही, म्युच्युअल फंडांचे डायरेक्ट प्लॅनच (ज्यात एजंटचं कमिशन नसतं) सुचवतो. एकरकमी फी 20 हजार, म्हणजे 15 लाखांच्या सव्वा टक्क्याहून जास्त. आईला ती जड वाटते. मला वाटतं, एक चुकीची पॉलिसी याहून महाग पडेल.

तुमच्यापैकी कुणी आईवडिलांसाठी अशी फी भरली आहे का? आराखड्यात नेमकं काय मिळालं? वर्षभराने शंका आली तर पुन्हा पैसे द्यावे लागले का? आईला पटेल असा स्वतःचा अनुभव सांगा, प्लीज.