दादाचं पिणं आधी की नैराश्य आधी? उपचार कुठून सुरू करावेत?

मृण्मयी_क

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू?

माझा मोठा भाऊ, वय ४१. सहा वर्षं रोज पितो, दोन वर्षांपासून सकाळीही लागते. पिणं सुरू होण्याआधी जवळपास वर्षभर तो गप्प गप्प झाला होता. कामावरून आला की दिवा न लावता बसून राहायचा, पहाटे तीनला झोप उडायची. आम्हाला वाटलं, दमत असेल. मग बाटली आली आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच गेलं. तो म्हणतो, "घेतली की डोक्यातला कलकलाट तेवढ्यापुरता थांबतो."

आता सकाळी हात इतके थरथरतात की शर्टाची बटणं लागत नाहीत. वहिनी लावून देते. परवा मी तिथेच होते. तो भिंतीकडे बघत उभा, ती एकेक बटण लावतेय, आणि दोघांच्या तोंडून एक अक्षर नाही.

दोन ठिकाणी जाऊन आलो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आधी दारू सोडवा, मग नैराश्याचं बघू. व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं, आधी मनाचा आजार आटोक्यात आणा, मग दाखल करून घेऊ. आम्ही मधल्या मध्ये. शेवटी या रविवारपासून घरीच पूर्ण बंद करायची, खोलीला कुलूप लावायचं, असं घरात ठरतंय. यातून कुणी गेलं असेल तर कृपया लिहा.

रात्रपाळी

रविवारचा बेत आधी रद्द करा. बाकीचं नंतर वाचा.

मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात परिचारिका आहे. दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेला जोर देते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. या रोजच्या दाबाला मेंदू सरावतो आणि उलट्या बाजूने जोर लावून तोल सांभाळतो. दाब एकदम काढला की तो उलटा जोर मोकाट सुटतो. सकाळची थरथर ही त्याचीच सुरुवात. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, भान जातं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. कुलूपबंद खोलीत तर कुणाला कळणारही नाही.

रुग्णालयात हे दिवस औषधांवर पार पाडतात. बेंझोडायझेपिन या मेंदू शांत करणाऱ्या औषधाचा डोस हळूहळू उतरवत नेतात, सोबत थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व देतात. दाखल होईपर्यंत स्वतःहून एकदम तोडू नका. फिट आली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला तर थेट आपत्कालीन विभागात न्या.

विनायक७२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. माणसानं मनावर घेतलं की सुटते. माझ्या काकांनी एका दिवसात सोडली.

नऊ_वर्षे

विनायकजी, काकांचं मनापासून कौतुक. पण मीही असंच "मनावर" चार वेळा घेतलं होतं. चौथ्या वेळी फिट येऊन पडलो.

मृण्मयी, मला आधी पॅनिक अटॅक यायचे. दोन पेग घेतले की छातीवरचा दगड उतरायचा. एडवर्ड खान्झियन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये हेच मांडलं होतं, की माणूस सहन न होणाऱ्या दुखण्यावर नशेचा उतारा शोधतो. ते वाचताना पहिल्यांदा वाटलं, मी नालायक नव्हतो. पण अर्धी गोष्ट पुढे आहे. वर्षभरात सकाळची धडधड पॅनिकची की दारू उतरल्याची, हे मलाच ओळखू येईना. जे औषध म्हणून घेत होतो तेच दुखणं तयार करत होतं. म्हणून "आधी काय" हा वाद घरात घालू नका. आता दोन्ही एकमेकांना पोसतायत. माझे दोन्ही उपचार एकाच टीमने एकाच वेळी केले, तेव्हा सुटलो. आज नऊ वर्षं झाली.

सावली

समुपदेशक आहे. "आधी काय" याचा वाद नको, नोंद मात्र हवी. एका कागदावर सालं लिहा: झोप कधी उडाली, पिणं कधी सुरू झालं, मध्ये बंद होतं तेव्हा मन कसं होतं. दारूमुळे आलेली उदासी बऱ्याच जणांत सोडल्यावर चार आठवड्यांत ओसरते. ओसरली नाही, किंवा तुमच्या दादासारखी पिण्याच्या आधीपासून असली, तर स्वतंत्र नैराश्य धरून उपचार करावे लागतात. तो कागद बघून डॉक्टरांचं काम फार सोपं होतं.

नवीन ठिकाणी जाल तेव्हा पहिलाच प्रश्न विचारा: दोन्ही आजारांवर इथे एकत्र उपचार होतात का?

आणखी दोन गोष्टी. दारू सोडवणारी गोळी त्याला न सांगता अन्नात कालवू नका. ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, घेतलेली असताना दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळू शकतो. आणि दादाला सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

मृण्मयी_क

बारा दिवसांनी लिहितेय. रविवारी रात्रपाळी यांचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग स्वतःच कुलूप ठेवून आली.

दोन्ही विभाग एकत्र असलेलं रुग्णालय मिळालं. दादा दाखल आहे, फिट आली नाही. सावली, मी तो प्रश्न विचारला. "हो" म्हणाला. या वर्षात दोनदा. मी हात धरून बसले आणि त्याच्या परवानगीनं डॉक्टरांना सांगितलं. आता नैराश्याचं औषधही सुरू झालंय.

एक विचारायचं राहिलं. वहिनीला झोप नाही, सारखं म्हणते माझंच काही चुकलं. तिच्यासाठी काय करू?

नऊ_वर्षे

अल-अनॉन. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच १९५१ मध्ये सुरू झालेला गट आहे, ऑनलाइन सभाही होतात. माझी बायको पहिल्या तीन सभांत नुसती बसून होती. चौथ्या सभेत बोलली. वहिनींना सांगा, बोलायची सक्ती नसते. आणि पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा.