सरनोबत, सेनापती, सेनानी: फरक नेमका कशात?

प्रश्न: नेताजी पालकर, प्रतापराव गुजर यांना एका पुस्तकात सरनोबत म्हटलंय, दुसऱ्यात सेनापती. दोन्ही एकच का? मग 'सेनानी' कुठे बसतो?

प्रतिसाद: एकच नाहीत. 'सरनोबत' फारसीतून आला, दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात रुळला. सर म्हणजे प्रमुख. नौबत म्हणजे पाळी, पहारा, आणि पहाऱ्याला वाजणारा नगाराही. 'उपाशी राहायची नौबत आली' म्हणतो, त्यात पाळीचाच अर्थ आहे. स्वराज्यात घोडदळाचा सरनोबत वेगळा, पायदळाचा वेगळा (येसाजी कंक). शिवाय गडावर हवालदार (गडाचा प्रमुख) आणि सबनीस (नोंदी-हिशेब ठेवणारा) यांच्या जोडीला गडाचा सरनोबत असे. तेव्हा जुन्या कागदात नुसतं 'सरनोबत' दिसलं की लगेच सगळ्या फौजेचा मुख्य समजू नका.

'सेनापती' हे अष्टप्रधानातलं पद. जून १६७४ च्या राज्याभिषेकाला प्रधानांची नावं संस्कृत झाली तेव्हा त्यावर हंबीरराव मोहिते होते. प्रतापराव त्याच वर्षी फेब्रुवारीत नेसरीला पडले. त्यांना आणि नेताजींना सरनोबत म्हणणंच काटेकोर.

प्रतिसाद: 'सेनानी'त 'नी' म्हणजे नेणे, जो 'नेता' शब्दातही आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात 'सेनानीनामहं स्कन्दः' येतं, म्हणजे सेनानींमध्ये मी स्कंद. पद नसलं तरी माणूस सेनानी असू शकतो, म्हणून स्वातंत्र्यसेनानी म्हणताना अडखळायला होत नाही.

प्रश्न: मग सरनोबताकडून महाराजांची अपेक्षा काय असायची? शौर्यच ना?

प्रतिसाद: शौर्य तर शिपायाकडूनही हवं. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या हल्ल्यात नेताजी वेळेवर पोहोचले नाहीत, तेवढ्यावर सरनोबती गेली. माणूस लोकांच्या तोंडी 'प्रतिशिवाजी' होता, तरीही! उमराणीला प्रतापरावांनी विजापूरचा सरदार बहलोलखान याचं पाणी तोडून त्याला जेरीस आणलं. डावपेच म्हणून ही लढाई मला फार मोठी वाटते. पण शरण आलेल्या खानाला सोडून दिलं, खान पुन्हा उलटला, आणि महाराजांचा राग ओढवला. नेसरीला मोजक्या स्वारांनिशी त्यांनी खानावर घोडे घातले. ते वाचताना आजही गलबलतं, पण सरनोबत म्हणून त्यांचं मोल मी उमराणीवरूनच करेन.

महाराजांची फौज कशी बांधलेली होती तेही बघा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालवाला (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. नाल निखळलेला घोडा खडकाळ वाटेवर लंगडतो, आणि झपाट्यावर चालणाऱ्या फौजेला थांबणं परवडत नाही. म्हणून ही सोय वर सरनोबताकडे नव्हे, खाली प्रत्येक तुकडीत ठेवली होती. नेतृत्वाचा विषय निघाला की मला रणांगणाआधी हा नालबंद आठवतो.

लेखात वापरायचं असेल तर १६७४ आधी 'सरनोबत', नंतर 'सेनापती' लिहा. गडावरच्याला 'गडाचा सरनोबत' लिहिलंत की घोटाळा होणार नाही.