हेल्थकेअर एआय कन्सल्टिंग कंपनीत इंटर्नशिप : नांदेडहून अर्ज टाकावा का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घर मुखेड तालुक्यात. उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपसाठी शोधाशोध चालू आहे. वर्गातले बहुतेक जण वेब डेव्हलपमेंटवाल्यांकडं जायलेत. मला एक वेगळीच जाहिरात सापडली. दवाखान्यांनी एआय कुठं आणि कसं वापरावं याचा सल्ला देणारी कंपनी आहे. अमेरिकेतली, काम घरूनच, बारा आठवडे. वर्णनात 'क्लिनिकल वर्कफ्लो', 'मॉडेल व्हॅलिडेशन', 'क्लायंट डेक' असे शब्द आहेत. स्टायपेंडबद्दल चकार शब्द नाही.

माझ्याकडं पायथॉन आहे, एसक्यूएल बऱ्यापैकी येतं, आणि छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायचा एक प्रोजेक्ट आहे, अचूकता ९४ टक्के. इंग्रजी लिहिता येतं, बोलताना अडखळते. या कंपन्या पोरांना नेमकं काय काम देतात? पुढं नोकरीची वाट निघते का, की नुसतं सर्टिफिकेट?

बाबांचं म्हणणं वेगळंच. बारावी लातूरला केली होती. ते म्हणायलेत, "दवाखान्याचंच काम करायचं होतं तर तेव्हाच नीट नीट द्यायची होती."

टपरीवरचा_तज्ज्ञ
बाबांना माझा नमस्कार सांगा.

स्टायपेंड लिहिलेला नाही म्हणजे तो नाहीच असं धरून चाला. बारा आठवडे फुकट राबवून घेतील, शेवटी लिंक्डइनवर 'ग्रेट जॉब' लिहितील. त्यापेक्षा पुण्यात दोन पैसे देणारं काहीतरी बघा.

जुना_अंबाजोगाईकर
तज्ज्ञ, जरा दमानं. पगार नसलेलं काम सरसकट वाईट नसतं, पण बारा आठवडे पूर्ण वेळ फुकट, हे मलाही पटत नाही. त्यावर खाली येतो.

मी पुण्यात याच धंद्यात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट, सल्ला देणारी कंपनी स्वतः एआयचं मॉडेल क्वचितच बनवते. मोठ्या दवाखान्याच्या दारात रोज कुणीतरी एआयचं सॉफ्टवेअर विकायला उभं असतं. ते घ्यावं का, घेतलं तर आपल्या रुग्णांवर चालतंय का, सिस्टर आणि डॉक्टर खरंच वापरतील का, कायद्यात बसतं का, हे तपासून सांगायचे पैसे आम्हाला मिळतात. अमेरिकेत याच्या जोडीला विम्याच्या क्लेमचं काम प्रचंड असतं. क्लेम का नाकारला गेला, कोणता कागद कमी पडला, तिथं मशीनची मदत कुठं होईल, वगैरे.

हे तपासणं का लागतं, त्याचं एक उदाहरण मी प्रत्येक नव्या पोराला वाचायला देतो. अमेरिकेतल्या शेकडो दवाखान्यांत एपिक कंपनीची संगणक प्रणाली आहे. तिच्यात सेप्सिसची, म्हणजे संसर्गापायी अवयव निकामी व्हायला लागतात त्या अवस्थेची, आगाऊ सूचना देणारं एक मॉडेल होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्याच रुग्णालयातल्या नोंदींवर चालवून पाहिलं आणि निकाल २०२१ साली जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये छापला. कंपनी ०.७६ ते ०.८३ असा एयूसी सांगत होती (आजार असलेले आणि नसलेले वेगळे ओळखण्याचा गुण; १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक), यांना ०.६३ मिळाला. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण मॉडेलला सापडलेच नाहीत, आणि तरीही दाखल झालेल्या १८ टक्के रुग्णांवर घंटा वाजत राहिली. आता अशी घंटा रात्रपाळीच्या सिस्टरला किती वेळा ऐकवायची, हा प्रश्न कोडचा नाही. आमचं निम्मं काम अशाच प्रश्नांचं.

इंटर्नला काय मिळतं? एक्सेल. कॉलम जुळवणं, पेपर वाचून एका पानात सारांश, स्लाइड, मीटिंगच्या नोंदी. कंटाळवाणं वाटेल, पण धंदा तिथंच कळतो.

आता तुझ्या ९४ टक्क्यांकडे. तो डेटा कॅगल या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावरचा पाच हजार आठशेच्या आसपास चित्रांचा असेल तर मुलाखतीत मी विचारणार, हे एक्स-रे कुणाचे आहेत? ते ग्वांगझूच्या एका बालरुग्णालयातले, एक ते पाच वर्षांच्या लेकरांचे आहेत. 'व्हॅलिडेशन'च्या, म्हणजे मॉडेल शिकताना पडताळायच्या, फोल्डरात मोजून १६ चित्रं. दहातल्या आठ रेझ्युमेंवर हा प्रोजेक्ट असतो आणि मुलांनी फोल्डर उघडून बघितलेलं नसतं. पिमा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या बायकांचा मधुमेहाचा जो सरावाचा डेटा आहे, त्याचंही तेच. ७६८ ओळी, त्यात ३५ बायकांचा रक्तदाब शून्य! जिवंत बाईचा रक्तदाब शून्य कसा असेल? मोजलाच नव्हता, तिथं शून्य भरलंय. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला मी अचूकता विचारत पण नाही.

गोदाकाठची
दादा, आत्ता फोल्डर उघडून बघितलं. सोळाच आहेत 🙈 आमच्या सरांनी पण विचारलं नव्हतं.

घाटीतली_रेसिडेंट
एक ते पाच वर्षांच्या लेकरांवर शिकलेलं मॉडेल आमच्याकडच्या टीबीच्या म्हाताऱ्यांवर चालवू नकोस बाई, एवढीच विनंती. टीबीसाठी एक्स-रे वाचणारं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही १५ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी. वयाचा मुद्दा किती मोठा आहे ते त्यावरून बघ.

आणि वयाचं निघालंच आहे तर सांगते. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, केसपेपरच्या खिडकीपाशी सकाळी नऊ-साडेनऊला उभी राहून बघ. आजी येतात. वय विचारलं की "आसंल साठेक." खिडकीतला माणूस ६० टाकतो. पुढच्या खेपेला नातू सोबत असतो, तो आधार कार्ड पुढं करतो, त्यावर ७१. जुना कागद घरी राहिलेला, म्हणून नवा केसपेपर, नवा नंबर. नाव एकदा 'गयाबाई', एकदा 'गयाबाई मारोती', आणि इंग्रजीत टाइप करताना स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मर्जीचं. संगणकात एकाच आजीची दोन माणसं झाली, एक साठीची आणि एक सत्तरीची. आभा या सरकारी आरोग्य-ओळखीचा १४ अंकी नंबर याचसाठी आहे, पण मागे दीडशे माणसं ताटकळत असताना तो कोण विचारणार? हा सगळा गोंधळ तुला वाचता आला तर पुण्या-बंगळुरूच्या पोरांपेक्षा तू दोन पावलं पुढं आहेस.

एक मात्र बजावून सांगते. रांग बघणं वेगळं आणि कागद वाचणं वेगळं. केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही, नाव झाकूनही नाही. रुग्णांचा डेटा हवा असेल तर एखाद्या प्राध्यापक डॉक्टरांना गाठायचं आणि एथिक्स कमिटीतून रीतसर जायचं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्याच वर्षी आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. ती मोफत वाचता येतात. मुलाखतीआधी वाचच.

टपरीवरचा_तज्ज्ञ
डॉक्टर मॅडम, दीडशे म्हणजे सोमवार नसावा.

डलासातला_परभणीकर
इकडची बाजू सांगतो. जाहिरातीत 'अमेरिकेत काम करण्याची परवानगी हवी' असं बारीक अक्षरात आहे का ते आधी बघा. असेल तर ती जागा इथं शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, घरून काम म्हणजे जगात कुठूनही असं नव्हे. तसं नसेल तर दुसरा प्रश्न विचारा : मी कोणत्या डेटावर काम करणार? इथं रुग्णांच्या माहितीला १९९६ पासून हिपा कायदा आहे, आणि बऱ्याच दवाखान्यांच्या करारात डेटा देशाबाहेर उघडायचा नाही अशी अट असते. म्हणजे तुम्हाला खरा डेटा मिळणारच नाही, कृत्रिम किंवा खुला मिळेल. त्यात वाईट काही नाही, पण 'खऱ्या रुग्णांच्या डेटावर काम' असं आमिष कुणी दाखवलं तर सावध व्हा.

पुढं एमएसला यायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा : शिक्षणानंतर स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) कामाची जी २४ महिन्यांची वाढीव मुदत मिळते, त्यात बिनपगारी काम चालत नाही आणि कंपनी ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली लागते. कन्सल्टिंगच्या नावाखाली नुसतं कागदावर नोकरी दाखवणारेही इथं भेटतात. माझ्या एका रूममेटला त्यापायी लई मनस्ताप झाला.

बीफार्मवाला_लातूर
धागा पळवतोय, माफी असावी. मी बीफार्म शेवटच्या वर्षाला. कोडिंग शून्य. या क्षेत्रात आम्हाला कुणी विचारतं का?

जुना_अंबाजोगाईकर
विचारतं की. आमच्या टीममध्ये कोड लिहिणाऱ्यांपेक्षा औषधं, आजार आणि बिलं समजणारे जास्त लागतात. आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या जागतिक यादीचे, कोड कसे लागतात ते शीक. स्नोमेड सीटी, म्हणजे वैद्यकीय शब्दांचा प्रमाण कोश, काय आहे ते बघ. भारत त्याचा सदस्य आहे, त्यामुळं इथं ते फुकट वापरता येतं आणि त्याचं काम आपल्या पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेतूनच चालतं. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचं काम तर थेट फार्मसीवाल्यांचं. जोडीला एसक्यूएल महिनाभर घास. पायथॉन नंतर.

आता गोदाकाठची, बिनपगारीबद्दल. मेल टाकून सरळ चार गोष्टी विचार. आठवड्याला किती तास, मार्गदर्शन कोण करणार आणि किती वेळा बोलणार, डेटा कोणता, आणि केलेलं काम पुढं नावानिशी दाखवता येईल का. आठवड्याला आठ-दहा तास असतील आणि शिकवणारं माणूस खरं असेल, तर फुकटही चालेल. चाळीस तास म्हणाले तर नको म्हण. उत्तरच आलं नाही तर तेही उत्तरच आहे.

आणि नोंदणी फी, ट्रेनिंग फी, 'परत मिळणारी' अनामत, यातलं काहीही मागितलं तर तिथून उठून ये. इंटर्नकडून पैसे घेणारी कंपनी ही क्लास असते, फक्त बोर्ड वेगळा.

खऱ्यासारखा डेटा हाताळायचा असेल तर फिजिओनेट या संशोधन-डेटाच्या संकेतस्थळावर मिमिक-४ हा डेटा आहे, बोस्टनच्या एका रुग्णालयातला, ओळख पुसलेला. पूर्ण हवा असेल तर आधी संशोधन-नैतिकतेचा ऑनलाइन कोर्स करून करार करावा लागतो. १०० रुग्णांचा डेमो मात्र कुणालाही उतरवता येतो. तिथून सुरुवात कर.

गोदाकाठची
दादा, डॉक्टर ताई, सगळ्यांचे आभार. मेल टाकला. आठवड्याला दहा तास, दर बुधवारी एकाशी बोलणं, डेटा कृत्रिम, असं उत्तर आलंय. फी नाही, स्टायपेंड पण नाही. अर्जासोबत त्यांना दोन पानांची नोट हवीय : 'तुमच्या भागातली आरोग्यसेवेची एखादी प्रक्रिया आणि तिथं एआयचा उपयोग होईल का'.

माझी मावशी आशा आहे. गरोदर बायकांची तीच माहिती ती आधी रजिस्टरात लिहिते, मग ॲपमध्ये भरते, आणि मीटिंगच्या आधल्या दिवशी सिस्टरला फोनवर पुन्हा वाचून दाखवते. गावात रेंज नसली की ॲपचं काम रात्री पाण्याच्या टाकीवर चढून. यावर लिहू का? की त्यांना हे फारच किरकोळ वाटंल?

जुना_अंबाजोगाईकर
किरकोळ?! हेच लिही. तीनदा लिहिण्यातली कोणती दोन कामं काढता येतील ते दाखव. आणि एआय लागतच नाही असं निघालं तर तसंच लिही, घाबरू नको. रेंज नसताना माहिती फोनमध्ये साठवून नंतर आपोआप पाठवली तरी मावशीचं टाकीवर चढणं वाचतंय, त्याला एआय कशाला? असं स्वच्छ लिहिणारं पोरगं मी तरी लगेच बोलावीन. फक्त मावशीचं नाव, गावाचं नाव आणि कुठल्याही बाईची माहिती नको.

घाटीतली_रेसिडेंट
अनुमोदन. आणि मावशीला लिहिलेलं वाचून दाखव. काही चुकलं असेल तर तीच सांगेल.

गोदाकाठची
नोट पाठवली. मावशीनं एक दुरुस्ती सांगितली, तीनदा नाही, चारदा लिहावं लागतं. मुलाखत गुरुवारी रात्री साडेआठला आहे, त्यांचे सकाळचे अकरा. गावाकडं त्या वेळेला लाईटचा भरवसा नाही आणि रेंजचा तर नाहीच. काय करू?

विष्णुपुरीची_सीनियर
गुरुवारी दुपारच्या बसनं नांदेडला ये. माझ्या खोलीवर इन्व्हर्टर आहे आणि वायफाय चांगलं चालतं. बुधवारी फोनवर अर्धा तास इंग्रजीतून बोलू, मीच प्रश्न विचारते. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.