ब्लॅकजॅक: तासाला किती डाव, किती कमाई?

प्रश्न: लास वेगासच्या कसिनोत, पत्त्यांच्या ६ कॅटच्या ब्लॅकजॅक टेबलावर हाय-लो पद्धतीने (निघून गेलेल्या लहान-मोठ्या पत्त्यांचा हिशेब ठेवून) पत्ते मोजणाऱ्याने तासाला किती डाव धरावेत? सुटतं किती?

उत्तर १: टेबल भरलेलं असेल तर ५०-६०, डीलरसमोर एकटेच असाल तर २०० च्या आसपास. हिशेबाला ८० धरा. सरासरी पैज ४० डॉलर, पैजेवर फायदा १ टक्का, म्हणजे तासाला ३२ डॉलर. टिप त्यातूनच!

उत्तर २: ३२ ही नुसती सरासरी झाली. मोजणीनुसार पैज वाढवली की तासाचा चढउतार ६०० डॉलरच्या घरात जातो. १०० तासांनंतरही दहातले तिघे तोट्यातच असतात. आणि ब्लॅकजॅक लागल्यावर (पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) पैजेवर ३:२ ऐवजी ६:५ देत असतील तर बसूच नका, १.४ टक्के तिथेच गेले.

प्रश्नकर्ता: कापपत्ता (जो आला की वाटणं थांबवून पत्ते पुन्हा पिसतात) कुठे हवा?

उत्तर २: मागे दीड कॅट उरलेले चालतील. दोनच्या वर गेले तर टेबल बदला.